ऊसतोडीच्या तळावर कॅमेरा घेऊन: एका हंगामाच्या नोंदी

मी शिरोळ तालुक्यातली. घरचा साडेतीन एकर ऊस आहे आणि मी इचलकरंजीत लग्नाचे फोटो काढते. दिवाळी झाली की कारखान्याशेजारच्या माळावर बीडकडच्या बैलगाडीच्या टोळ्या उतरतात. चौतीस वर्षं हे बघत आले, पण त्या तळावर कधी पाय ठेवला नव्हता. २०२४-२५ च्या हंगामात तिथल्या माणसांचे फोटो काढायचं ठरवलं. खाली त्याच वहीतल्या नोंदी आहेत. थोड्या दुरुस्त केल्यात, पण चुका तशाच ठेवल्यात. कुणाला असंच काम करायचं असेल तर निदान त्या चुका पुन्हा होऊ नयेत.

कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. उचलीचे, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांचे, आकडेही नाहीत. ते मला विश्वासानं सांगितले होते.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

विधानसभेचं मतदान २० तारखेला झालं, त्यानंतर टोळ्या उतरायला लागल्या. आज सकाळी रस्त्यावर गाडी लावून ७०-२०० ची लेन्स चढवली आणि दीड तास लांबूनच फोटो काढले. २१२ फ्रेम. घरी येऊन बघितलं तर १४० फोटोंत माणसांची पाठ. लांब लेन्सनं माणूस जवळ दिसतो, पण तो आपल्याकडे बघत नाही, आणि बघितलंच तर संशयानं बघतो. एका फोटोत एक बाई थेट माझ्याकडे बघतेय आणि पदर ओढून घेतेय. तो फोटो तेवढा पुसला. बाकीचे ठेवलेत, पण त्यांचा उपयोग नाही.

ती लेन्स पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा पिशवीबाहेर काढली नाही.

२७ नोव्हेंबर

दुसरी चूक. परवानगी हवी म्हणून कारखान्याच्या शेती खात्यातल्या ओळखीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "चला, मीच येतो." त्याच्या जीपमधून तळावर उतरले. दहा मिनिटांत सगळी माणसं कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, ओळीनं उभी. लहान पोरांची तोंडं धुतलेली. एका म्हाताऱ्या बाईनं हळूच विचारलं, "पिशवीचं इचारायला आलात का?"

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, तेव्हापासून कोण ना कोण कागद घेऊन येतं, पिशवी काढली का, कधी काढली, मुलं किती, असं विचारतं आणि निघून जातं. जीपमधून उतरलेली, कॅमेरा गळ्यात घातलेली बाई त्यांच्यासाठी त्यातलीच एक.

एकही फोटो काढला नाही. तो दिवस गेलाच, शिवाय पुढचे आठ दिवस मी "हापिसातल्या मॅडम" झाले. परवानगी कारखान्याकडून घ्यायची नसते. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून घ्यायची, आणि तीही चहा पिता पिता, एकट्यानं जाऊन.

१ डिसेंबर, रविवार

सायकलवरून गेले. मुकादम भेटला. चाळिशीतला माणूस, स्वतःही पंधरा वर्षं कोयता चालवलेला. त्याच्या अटी तीन: कामाच्या वेळी कुणाला थांबवायचं नाही, भांडणाचे फोटो काढायचे नाहीत, आणि जे काढाल ते आम्हाला दाखवायचं. मी हो म्हटलं. तिसऱ्या अटीचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता.

टोळी शिरूर कासार तालुक्यातली, अठरा कोयत्यांची. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल जोडीला मिळते, हिशेब जोडीचा होतो आणि खाडाही (काम बुडाल्याची कपात) जोडीलाच लागतो. एक विधवा बाई दिरासोबत आलीय, तिचा अर्धा कोयता. माझ्या डोक्यात एकेकट्या माणसाचे फोटो होते. इथं माणसं तशी मोजतच नाहीत.

आम्ही खोपी म्हणतो, ते कोपी म्हणतात. बांबू आणि तट्टे कारखान्याचे, वरची ताडपत्री ज्याची त्याची. एका कोपीत देवाच्या जागी एका साधूचा फोटो होता. मी विचारलं, "हे कोण?" घरातली बाई काही बोलली नाही, तिच्या नवऱ्यानं सांगितलं, "भगवानबाबा." आणि माझ्याकडे बघतच राहिला. भगवानगडावरचे भगवानबाबा हे तिकडच्या वंजारी समाजाचं दैवत आहे हे मला माहीत नव्हतं. कुणी आमच्या घरी येऊन जोतिबाच्या तसबिरीकडे बोट दाखवून "हे कोण?" विचारावं, तसं झालं. फोटो काढायला जाण्याआधी त्या माणसांबद्दल एवढं तरी माहीत असायला हवं होतं. रात्री बसून वाचलं.

५ डिसेंबर

पहाटे चारला फडात. थंडी भरपूर. डोक्याला बॅटऱ्या बांधून माणसं ऊस तोडत होती. आयएसओ ६४००, एफ २.८, शटर १/६०. कोयता हलतो, माणूस हलतो, सगळं पुसट. लग्नातल्या सवयीनं फ्लॅश लावला.

पहिल्याच फ्लॅशला बैल बुजले. गाडी अर्धी भरलेली, जू खांद्यावर. एक बैल मागं सरला, चाक सरीत उतरलं, वरच्या मोळ्या ढासळल्या. गाडीजवळ दोन मुलं बसली होती, ती वाचली म्हणून वाचली. गाडी पुन्हा भरायला पाऊण तास गेला. गाडीवाला मला काही बोलला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मी मोळ्या उचलायला हात लावला, दोन उचलल्या आणि मान अवघडली. त्याची बायको म्हणाली, "राहू द्या मालकीणबाई, तुमच्याच्यानं नाही व्हायचं." तोवर मी "मॅडम" होते, आता "मालकीणबाई" झाले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मी कुणाची लेक आहे.

घरी येऊन हिशेब केला. जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढ होऊन तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. म्हणजे बारा तासांच्या कामाचे साडेपाचशे ते सव्वासातशे, तासाला फार तर साठ. माझ्या फ्लॅशनं त्यांचे पंचेचाळीस रुपये गेले. दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत. मग बैलांसाठी पेंडेचं पोतं नेलं, ते घेतलं.

उपाय: फ्लॅश बंद. ५० ची एफ १.८ लेन्स, जी माझ्याकडे धूळ खात पडली होती. शटर १/१२५ च्या खाली न्यायचं नाही. माणूस मोळी बांधायला वाकतो आणि क्षणभर थांबतो, तेवढाच क्षण पकडायचा. बॅटरी समोरच्याच्या तोंडावर पडते, तोच उजेड. फोटोत दाणे दिसतात, दिसू देत.

८ ते १० डिसेंबर

लग्नं. तळावर गेले नाही.

११ डिसेंबर

कोपीच्या दारात बसलेल्या माणसांचे फोटो. दार छान असतं: आत काळोख, बाहेरून मऊ उजेड, तिकोनी चौकट. पण सगळ्या ताडपत्र्या निळ्या आहेत. दुपारच्या उन्हात तो निळा चेहऱ्यावर उतरतो आणि सावळी कातडी राखाडी दिसते. आजारी माणसासारखी. कॅमेऱ्यातला पांढरा रंग हातानं बसवून बघितला. एका गालाचा निळा गेला की दुसरा गाल तांबडा होतो, कारण एका बाजूनं ताडपत्रीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूनं मातीचा.

सोपा मार्ग म्हणून सगळे कृष्णधवल केले. मला फार आवडले. चोवीस फोटो ४x६ मध्ये छापून घेतले, एकाला १२ रुपये, २८८ रुपये.

१२ डिसेंबर

नेऊन वाटले. लोकांनी घेतले, बघितले, उलटे करून ठेवले. त्या म्हाताऱ्या बाईनं (माझी तिच्याशी हळूहळू ओळख होतेय, मी तिला आक्का म्हणते) स्पष्ट सांगितलं, "असला बिनरंगाचा फोटू मेलेल्या माणसाचा करत्यात, हार घालून भिंतीला लावायला. आमी जित्ते हाव की."

माझ्या मनात कृष्णधवल म्हणजे दर्जा. त्यांच्या घरांत तो अर्थ नाही. चोवीसही फोटो रंगीत करून पुन्हा छापले. आणखी २८८ रुपये. निळ्यावर खरा उपाय नंतर सापडला आणि तो फुकटचा होता: माणसाला कोपीच्या आतून काढून पूर्वेच्या बाजूला, दुपारी चारनंतर, सावलीत बसवायचं आणि माझी पांढरी ओढणी एखाद्या पोराला त्याच्या गुडघ्याखाली धरायला सांगायची. पोरांना हे काम फार आवडतं, रांग लागते.

१५ डिसेंबर

रंगीत फोटो बघितल्यावर मागणी आली, पासपोर्ट फोटोंची. ग्रामसेवकाकडून मिळणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्राला लागतात, दवाखान्यात लागतात, गावाकडं वसतिगृहात ठेवलेल्या मुलाच्या अर्जाला पालकाचे लागतात. इथून फोटो स्टुडिओ सहा किलोमीटर. तिथं जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो.

माझं पहिलं उत्तर "बघू" असं होतं. हे माझ्या कामात बसत नाही असं वाटलं होतं. घरी जाता जाता त्या "बघू"चा राग आला. मी यांच्याकडून जे घेतेय ते त्यांनी मला मागायला सांगितलं नव्हतं. त्यांनी जे मागितलं ते मला रोज जमतं, तेवढंच मी टाळत होते.

दुसऱ्या दिवशी पांढरी चादर तट्ट्याला टाचली. दोन संध्याकाळींत एकतीस माणसं. आठ फोटोंचं एक पान लॅबमध्ये २० रुपयांत, एकूण ६२० रुपये. कुणी पैसे दिले, कुणी शेंगा दिल्या, मी दोन्ही घेतलं. आधी नको म्हणत होते, तेव्हा आक्कानंच झापलं, "फुकट कशाला? आमी काय भिकारी हाव?"

पासपोर्ट फोटोसाठी माणूस स्वतः समोर येऊन बसतो, डोळ्यांत बघतो. तो झाला की बरीच जणं उठत नाहीत. "आता जोडीनं काढा," "आता लेकराला घेऊन काढा." माझे हंगामातले चांगले अकरा-बारा फोटो त्या चादरीसमोर बसलेल्या माणसांचे, पण चादर काढून टाकल्यानंतरचे आहेत.

२२ डिसेंबर, रविवार

या हंगामातली सगळ्यात मोठी चूक. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी डोक्यावर वाढ्याचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) भारा घेऊन रस्त्यानं चाललेली, मागं कारखान्याचं धुराडं. मला वाटलं होतं, हा फोटो सगळं सांगतो. शनिवारी रात्री इन्स्टाग्रामवर टाकला, खाली गावाचं नाव लिहिलं. सकाळपर्यंत तो भलत्याच ठिकाणी फिरत होता. कुणीतरी बालमजुरीबद्दल मोठा मजकूर जोडला होता.

दुपारी मुकादमाला कारखान्यातून फोन. संध्याकाळी मुकादमाचा मला. "तुम्ही काढलेलं आम्हाला दाखवणार होता. आता येऊ नका."

फोटो काढून टाकला. पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

२३ डिसेंबर ते १ जानेवारी

दहा दिवस तळाबाहेर. रोज संध्याकाळी तिथून उठणारा चुलींचा धूर आमच्या गच्चीवरून दिसतो.

२ जानेवारी २०२५

कॅमेरा न घेता गेले. मुलीची आई वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. मी खाली बसले, माफी मागितली. ती म्हणाली, "तुमचा फोटू व्हईल, आमचा खाडा व्हईल." मग बराच वेळ दोघीही काही बोललो नाही. ती पेंढ्या बांधत राहिली, मी दोऱ्या पुढं करत राहिले.

त्या मुलीनं शाळेत असायला हवं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण माझ्या फोटोनं ती शाळेत गेली नसती. फार तर चौकशीच्या भीतीनं आईबापांनी तिला कुणी आलं की कोपीत लपवलं असतं. जिल्हा परिषदेची शाळा तळापासून दीड किलोमीटर. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, मुलाला मधेच दाखल करून घ्यावं लागतं, जुन्या शाळेच्या दाखल्यासाठी अडवता येत नाही. हे मुख्याध्यापिकांनाही ठाऊक होतं, फक्त तळावरून कुणी आलं नव्हतं. चार मुलं गेली. ती मुलगी अकरा दिवस गेली, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली. बाकीची तिघं शेवटपर्यंत गेली.

तेव्हापासून माझा नियम असा: मूल काम करत असेल तर चेहरा नाही. मुलाचा चेहरा असेल तर आईनं तो फोटो मोबाईलवर बघून हो म्हटल्याशिवाय छापायचाही नाही. काही चांगले फोटो यात गेले. जाऊ देत.

९ जानेवारी

याच टोळीला आमच्या शेताची तोड लागली. चार दिवस लागणार. मला हे आधी कळायला हवं होतं, पण कोणत्या शेताला कधी तोड येईल हे शेतकऱ्यालाही दोन दिवस आधीच कळतं.

इतके दिवस मी तळावर पाहुणी होते. आज ती माणसं आमच्या बांधावर आणि मी मालकाची लेक. आमचा ऊस को ८६०३२ जातीचा, सोळा महिन्यांचा, तुरा आलेला. यंदा सगळीकडेच तुरे आहेत, वजन घटतंय, त्यामुळे वडील आधीच चिडलेले. त्यात खुशालीचा विषय. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दरापेक्षा वेगळे, गाडीमागं शेतकऱ्यानं तोडकऱ्याला द्यायचे पैसे. कागदावर कुठंच नसतात. शेतकरी म्हणतो आमची लूट होते, तोडकरी म्हणतो एवढ्याशा दरात भागत नाही. मी दोन्ही बाजू आयुष्यभर एकाच घरातून ऐकल्यात, म्हणजे खरं तर एकच बाजू ऐकलीय.

सकाळी वडील आणि मुकादम यांच्यात बांधावर खुशालीवरून घासाघीस. माझ्या हातात कॅमेरा. दोघांनीही एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. वडिलांची नजर म्हणत होती, काढू नकोस. मुकादमाचीही तेच म्हणत होती. त्या क्षणी मी कुणाच्या बाजूची आहे, हे तिथं असलेल्या प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं. मी कॅमेरा खाली ठेवला आणि आईनं पाठवलेला चहा वाटायला लागले. काढला असता तर तो हंगामातला सगळ्यात खरा फोटो झाला असता, असं अजून वाटतं. पण एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला सव्वा महिना ज्यांची भाकर खाल्ली ती माणसं. मला तो काढता आला नाही.

दुपारी जेवताना आई बांधावर आली. तिनं आक्काला वरच्या अंगाला, चिंचेखाली बसायला सांगितलं. आमच्या शेतात तोडकरी सरीतच जेवतात, चिंचेखाली आम्ही. कुणी तसा नियम केलेला नाही, तसं चालत आलंय, आणि चौतीस वर्षांत माझ्या ते नजरेत आलं नव्हतं. आक्का आली, पण सावलीच्या कडेला बसली. आईनं लोणचं दिलं. दोघी भाकरीवरून बोलत होत्या: आमची भाकरी जाड, त्यांची पातळ. तो फोटो मी काढला. दोघींनी बघितला. आई म्हणाली, "मी केवढी सुटलीय गं." आक्का म्हणाली, "ह्यो माला पायजे."

चार दिवसांत ३८ फोटो. सगळ्या हंगामात एवढे कमी कुठंच काढले नाहीत. स्वतःच्या रानात मला उभं कुठं राहायचं तेच कळत नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

बायका फडात साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. पाचटानं हात कापू नयेत म्हणून, आणि उसाची कूस (बारीक टोचरी लव) अंगाला लागू नये म्हणून. मला तो शर्ट फोटोत हवा होता. त्यांना नको होता. आज काम लवकर सुटलं, सगळ्यांनी काठपदराच्या साड्या नेसल्या, केस विंचरले आणि म्हणाल्या, "आता काढा."

मी दोन्ही काढले आणि ठरवलं: साडीतला फोटो मोठा, ८x१० छापायचा, तो त्यांचा. शर्टातला माझ्याकडे राहील, पण कुठं दाखवायचा असेल तर जिचा आहे तिला विचारून. सोळा जणींपैकी नऊ जणींनी शर्टाच्या फोटोला हो म्हटलं, सात जणींनी नाही. नाही म्हणणाऱ्यांत ज्या बाईचा फोटो मला सगळ्यात जास्त आवडला होता तीही आहे. तो फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला आणि बंद केला.

२६ जानेवारी

फोटो निवडताना लक्षात आलं की बऱ्याच जणांची नावं माझ्याकडे नाहीत. "आक्का", "मोठी जाऊ", "तांबड्या बैलांचा", "हसणारा" असंच लिहिलंय. लग्नात नावं लिहावी लागत नाहीत, घरचे ओळखतात. तीच सवय नडली. आजपासून वही: फोटोचा क्रमांक, पूर्ण नाव, गाव, मोबाईल, परवानगी कशाकशाला. मागच्या साठेक फोटोंची नावं अजून भरायची आहेत. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

५ फेब्रुवारी

आकाशाच्या भागात काळे ठिपके. जळीत उसाच्या फडात लेन्स बदलली होती, काजळी थेट सेन्सरवर. कोल्हापुरात साफ करून घेतला, ८५० रुपये आणि एक दिवस. फडात लेन्स बदलायची नाही. एकच लेन्स लावून जायचं.

११ फेब्रुवारी

कारखाना स्वच्छतेसाठी एक दिवस बंद. टोळीतली बारा माणसं टेम्पोनं नरसोबाच्या वाडीला निघाली, मलाही बसवून नेलं. तिथं मी वाट दाखवणारी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बायकांनी पाय धुतले. एक मुलगा म्हणाला, एवढं पाणी आमच्या गावातून वाहिलं असतं तर आम्ही इकडं आलोच नसतो. फोटो त्यांनीच त्यांच्या मोबाईलवर काढले, मला मधे उभं करून. माझ्याकडे त्या दिवसाचा एकही नाही.

१९ फेब्रुवारी

कुजबूज आहे की ऊस संपत आला, पट्टा लवकर पडणार, म्हणजे हंगाम लवकर संपणार. मी गृहीत धरलं होतं मार्चअखेर. मोठे फोटो आज लॅबला टाकले: ८x१० चे ४३, एकाला ६० रुपये, २५८० रुपये. महाशिवरात्रीला, २६ तारखेला, तळावर वाटायचे असं मुकादमाशी बोललेय.

२३ आणि २४ फेब्रुवारी

रविवारी सांगलीत लग्न होतं, पहाटेपासून रात्रीपर्यंत. मोबाईल पिशवीत. रात्री अकराला बघितलं: मुकादमाचे सात मिस्ड कॉल. पट्टा पडला होता. हिशेब झाला तशा गाड्या भरल्या, बैलं ट्रकात चढवली आणि रात्रीच निघाले.

सोमवारी सकाळी गेले. चुलीचे दगड, पाचट, खुंटे, एक फुटकी बादली. कारखान्याची माणसं तट्टे गोळा करत होती. लॅबमधून ४३ फोटो दुपारी मिळाले.

३ मार्च

मुकादमाशी बोलणं झालं. तो म्हणाला पार्सल माझ्याकडं पाठवा, वाटतो. मी नको म्हटलं. त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, पण उचल त्याच्या हातून, हिशेब त्याच्या हातून, निदान स्वतःचा फोटो तरी कुणाकडून मागून घ्यावा लागू नये. वहीत ज्यांचे पत्ते होते त्यांना वेगवेगळी पाकिटं केली. चार गावं, एकवीस पाकिटं, पुठ्ठे घालून. स्पीड पोस्ट आणि सामान मिळून १३४० रुपये. हातोहात दिले असते तर हा खर्च शून्य होता.

आतापर्यंत छपाई, पोस्ट, सफाई, पेट्रोल सगळं मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास. सोडलेली दोन लग्नं वेगळी.

१८ मार्च

अठरा पाकिटं पोहोचली, तीन परत आली. परत आलेल्यांतल्या दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून नवा पत्ता घेतला. एक कुटुंब थेट कर्नाटकात दुसऱ्या कामावर गेलंय.

आक्काचा व्हिडिओ कॉल आला, नातवाच्या मोबाईलवरून. भिंतीवर भगवानबाबांच्या शेजारी ती आणि माझी आई, चिंचेखाली. तिनं मला मोबाईल आईकडं द्यायला लावला आणि दोघी अर्धा तास पाण्याबद्दल बोलल्या. तिकडं आत्ताच टँकरची वाट बघतायत.

६ एप्रिल

तीन फोटो उरलेत, ज्यांची नावं वहीत नाहीत. ते मुकादमाला पाठवले. एकाला त्यानं ओळखलं, ती त्याच्याच मावशीची सून. तिचा उद्या पोस्टात टाकते. दुसऱ्या दोघांबद्दल तो म्हणाला, ही आपल्या टोळीतली नव्हती, शेजारच्या टोळीतली असतील, ते परळीकडचे. त्यांच्या मुकादमाचा नंबर त्याच्याकडे नाही. एक तरुण बाई आहे, मांडीवर तान्हं मूल. ती त्या दिवशी चादरीसमोर आपण होऊन बसली होती आणि फोटो कधी मिळेल म्हणून दोनदा विचारून गेली होती. मी तिला "पुढच्या रविवारी" असं सांगितलेलं मला आठवतंय.

शेती खात्यात उद्या जाऊन त्या टोळीच्या कराराचा कागद बघायला मिळतो का, ते विचारणार आहे.